ही चिंता नक्की कोणाची? एका तरुण पाळकाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: वय 36, ऑर्डिनेशनला, म्हणजे पाळकपदाच्या दीक्षेला, चार वर्षं झालेली, तालुक्याच्या गावातली ख्रिस्ती मंडळी आणि भोवतालच्या पाच खेड्यांतल्या मंडळ्या एकट्याकडे. शनिवारी रात्री छाती धडधडते, हात गार पडतात, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. ईसीजी काढला, नॉर्मल आला. मिशन कंपाउंडमधल्या गाळ्यांच्या भाड्यावरून मंडळीच्या पंचांत दोन गट पडलेत आणि दोन्हीकडचे लोक एकेकटे येऊन पाळकांजवळ बोलून जातात. पत्नी म्हणते, "तुम्ही घरात असता, पण आमच्यात नसता." एका ज्येष्ठ पंचांनी सांगितलं, विश्वास कमी पडतोय, एकवीस दिवसांचा उपवास धरा. आणि पत्रातलं शेवटचं वाक्य: "लोकांना 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका' असा संदेश देऊन मी खाली उतरतो, तेव्हा मला स्वतःची लाज वाटते."

भाऊ, सलाम.

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण बाकी सगळ्याची गाठ तिथे बसली आहे.

मी सव्वीस वर्षं पाळक होतो. मधल्या काळात समुपदेशनाचं शिक्षण घेतलं आणि आता बहुतेक वेळ पाळक, त्यांची घरची माणसं आणि मंडळीतले पुढारी यांच्यासोबत बसण्यात जातो. पाळकीच्या सहाव्या वर्षातली गोष्ट. प्रभूभोजनाचा रविवार होता. आमच्याकडे द्राक्षारसाचे काचेचे छोटे पेले लाकडी ट्रेच्या भोकांत बसवून, गुडघे टेकलेल्या रांगेपुढून फिरवायचे. मी ट्रे उचलला आणि पेले किणकिणायला लागले. आधी वाटलं, ट्रे नीट धरला नाही. मग कळलं, हात थरथरतोय. रांगेतल्या पहिल्या आजींनी वर पाहिलं. काही न बोलता ट्रेची दुसरी कड धरली, आपला पेला घेतला, आणि शेजारणीचा घेऊन होईपर्यंत कड सोडली नाही. त्या दिवशी मीही तेच ठरवलं जे तुम्ही ठरवून बसला आहात: आपल्यात विश्वास नाही. पुढची दोन वर्षं मी ते कोणालाच सांगितलं नाही. ती दोन वर्षं माझ्या बायकोने आणि मुलांनी भोगली.

म्हणून आधी त्या वचनाकडेच जाऊ, फक्त चार ओळी वरून वाचत येऊ. फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय चिंतेपासून सुरू होत नाही, भांडणापासून सुरू होतो. युवदीया आणि सुंतुखे या दोघी पौलाबरोबर सुवार्तेसाठी झटलेल्या बाया, म्हणजे मंडळीतल्या पुढारीच, आणि त्यांचं आपसात पटत नव्हतं. पौल दोघींना वेगवेगळी विनंती करतो, "विनंती करतो" हे शब्द दोनदा वापरतो, आणि बरोबर कोण नि चूक कोण याबद्दल चकार शब्द काढत नाही. तिसऱ्या एका सोबत्याला सांगतो, यांना मदत कर. त्यानंतर सहावं वचन येतं. तेही तुरुंगातून लिहिलेलं. ज्या मंडळीला ते लिहिलं गेलं ती तुमच्या मंडळीसारखीच होती, दोन तट पडलेली.

आणखी एक गोष्ट मराठीत वाचताना निसटते. "चिंताक्रांत होऊ नका" इथे ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, तेच याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तीमथ्याचं कौतुक करताना आलंय. तिथे आपल्या बायबलात "काळजी" असा शब्द आहे: तुमची खरी काळजी करणारा याच्यासारखा दुसरा माझ्याजवळ नाही. आणि त्याच धातूचं नाम करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल स्वतःसाठी वापरतो. फटके, दगडमार, जहाज फुटणं हे सगळं मोजून झाल्यावर म्हणतो, शिवाय सर्व मंडळ्यांची चिंता रोज माझ्यावर आहेच. त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात, मासेदोनियात आलो तेव्हा बाहेर भांडणं होती आणि आत भीती होती, हेही तो उघड लिहितो. देवाने त्याचं सांत्वन कसं केलं? त्याचा सहकारी तीत याला पाठवून. माणूस पाठवून.

पौल चिंता या भावनेवर बंदी घालत नाही. ती आली की तिचं काय करायचं ते सांगतो: ती देवाला कळवा. आतल्या आत दाबून टाका असं तो म्हणत नाही. तुम्ही मात्र गेली चार वर्षं ती दाबताय आणि त्यालाच विश्वास समजताय. गेथशेमानेत प्रभूने तिघांना सोबत नेलं, आपला जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे हे त्यांना सांगितलं आणि जागे राहायला सांगितलं. त्याला कोणी विश्वास कमी पडला असं म्हणेल का? स्तोत्रसंहितेतली जवळपास एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत, आणि 88वं तर अंधारातच संपतं. आपल्या रविवारच्या उपासनेत आपण त्यातलं किती वाचतो? साक्ष द्यायला उभं राहिलेलं माणूस नेहमी सुटका झाल्यानंतरची गोष्ट सांगतं. अजून सुटका न झालेल्यांना उभं राहायला जागाच नसते, आणि पाळकाला तर मुळीच नसते.

इंग्लंडचा प्रसिद्ध उपदेशक स्पर्जन याचं नाव तुम्ही सेमिनरीत ऐकलं असेल. 19 ऑक्टोबर 1856 रोजी लंडनच्या सरे गार्डन्समधल्या सभागृहात तो उपदेश करत असताना कोणीतरी आग लागल्याची खोटी ओरड केली आणि चेंगराचेंगरीत सात माणसं मेली. तेव्हा तो 22 वर्षांचा होता. त्याचा ओरखडा आयुष्यभर राहिला, आणि आपल्याला येणारी मनाची काळोखी त्याने व्यासपीठावरून लपवली नाही. त्याचं ऐकायला हजारो लोक येत राहिले.

आता शरीराकडे. तुमचं धडधडणं, गार हात, तीनची जाग, हे खोटं नाही आणि पापही नाही. मेंदूतली धोका ओळखणारी यंत्रणा समोर साप आहे की मोबाईलवर मेसेज, हे बघायला थांबत नाही. ती आधी भोंगा वाजवते. रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून बोटं गार पडतात, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, पोट आवळतं. झटका जोराचा असेल तर तो साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग उतरणीला लागतो. हे माहीत असलं की "आता मी मरणार" ही भीती निम्मी होते. भोंगा वाजत असताना स्वतःशी वाद घालून उपयोग नसतो, वचन पाठ म्हणूनही बऱ्याचदा नसतो, कारण त्या वेळी ऐकणारा भाग मागे पडलेला असतो. आधी श्वास सोडा. चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाहेर जाणारा श्वास लांबला की हृदयाचा वेग उतरतो, ही शरीराची रचनाच आहे. पाय जमिनीवर टेकवा, फरशीचा गारवा जाणवू द्या. मग प्रार्थना. माझा क्रम हा आहे, आणि हा क्रम मला एलीयाच्या गोष्टीने शिकवला.

राजे पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय पाळकांनी वर्षातून एकदा तरी स्वतःसाठी वाचावा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला आणि ईजबेल राणीच्या जिवे मारण्याच्या एका निरोपाने एलीया संदेष्टा पळत सुटला. बैर-शेब्यात चाकराला मागे सोडलं, म्हणजे सोबत होती तीही तोडली, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. देवाने त्याला काय दिलं बघा. झोप. मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. मग पुन्हा झोप. मग पुन्हा भाकर, आणि "वाट तुला झेपायची नाही" एवढंच समजुतीचं वाक्य. बोलणं, प्रश्न विचारणं, पुढचं काम देणं हे सगळं नंतर, चाळीस दिवसांनी, होरेबावर. तिथेही आधी प्रश्नच: एलीया, तू इथे काय करतोस? "मी एकटाच उरलो" हे तो दोनदा म्हणतो, आणि देव त्याला सांगतो की एकनिष्ठ राहिलेले सात हजार आहेत. चिंता माणसाला हमखास एक खोटं सांगते: तू एकटाच आहेस आणि सगळं तुझ्यावर आहे.

म्हणून ज्येष्ठ पंचांचा एकवीस दिवसांच्या उपवासाचा सल्ला मला पटत नाही. उपवासाला माझा विरोध नाही, मी स्वतः करतो. पण ज्याची झोप उडालेली आहे, ज्याची छाती आधीच धडधडते, त्याने उपाशी राहिलं की रक्तातली साखर उतरून तीच लक्षणं वाढतात, आणि तो त्याचा अर्थ "उपवासानेही काही होईना, देवच ऐकत नाही" असा लावतो. तुम्ही सध्या एलीयाच्या जागी आहात. खा आणि झोपा. पंचांना हे प्रेमाने सांगा: तुम्ही माझ्यासाठी उपवास करा, मी तुमच्या प्रार्थनेवर टेकून राहतो.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पत्रातली चिंता मी एका कागदावर मांडली, आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न लिहिला: ही कोणाची? गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल तीनच वचनांच्या अंतरावर दोन उलट वाटणाऱ्या गोष्टी सांगतो. दुसऱ्या वचनात, एकमेकांची ओझी वाहा. पाचव्यात, प्रत्येकाने आपापला भार वाहायचा आहे. ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. पहिला बारोस, म्हणजे एकट्याला न पेलणारं, चिरडून टाकणारं वजन. दुसरा फोर्तिओन, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचं गाठोडं. त्या आजींनी ट्रेची कड धरली ते पहिलं. पण त्यांनी माझ्या हातून ट्रे काढून घेतला नाही, कारण तो माझं दुसरं होतं. पाळकाची बरीचशी चिंता इथेच तयार होते: लोकांची गाठोडी आपण उचलतो आणि आपलं गाठोडं, म्हणजे घर, झोप, अभ्यास, एकांतातली प्रार्थना, वाटेत टाकून देतो.

गाळ्यांच्या भाड्याचंच घ्या. या वादात तुमचं काय आहे? बैठक वेळेवर बोलावणं तुमचं. विषय लेखी विषयपत्रिकेवर घेणं, दोन्ही बाजूंना पूर्ण बोलू देणं, झालेला ठराव तसाच्या तसा इतिवृत्तात लिहिला जातो ना हे बघणं तुमचं. सगळ्यांचं एकमत होणं तुमचं नाही. अण्णा नाराज होतील की भाऊसाहेब, हे तुमचं नाही. आणि एक व्यवहाराची गोष्ट: ती जागा कोणत्या ट्रस्टच्या नावावर आहे आणि भाडं ठरवायचा अधिकार कोणाला आहे, ते कागद आधी काढून वाचा. पुष्कळ ठिकाणी तो अधिकार स्थानिक पंचांकडे नसतोच, डायोसिसच्या, म्हणजे बिशपांच्या प्रांताच्या, ट्रस्टकडे असतो. ज्याचा निर्णय आपल्या हातातच नाही त्यावरून दोन-दोन वर्षं पंच एकमेकांच्या घरचं पाणी प्यायचे थांबलेले मी पाहिले आहेत.

एकेकटे येऊन बोलणाऱ्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तुम्हाला पहाटे तीनला जाग येण्याचं कारण मला तिथे दिसतं. मरे बोवेन नावाचे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होते. कुटुंबाकडे एक अखंड यंत्रणा म्हणून पाहायला त्यांनी शिकवलं. त्यांचे विद्यार्थी एडविन फ्रीडमन यहुदी धर्मगुरू होते आणि समुपदेशकही. बोवेन यांचे विचार त्यांनी धार्मिक मंडळ्यांना आणि पुढाऱ्यांना लावून दाखवले. त्यातली एक कल्पना मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली, ती त्रिकोणाची. दोन माणसांमधला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला आत ओढतात. दोघांचा ताण थोडा हलका होतो आणि तिसऱ्याच्या छातीत जाऊन बसतो. बोलून गेलेले पंच घरी जाऊन शांत झोपतात. तुम्ही जागे असता.

शुभवर्तमानात प्रभूलाही अशा त्रिकोणांत ओढायचा प्रयत्न झालेला आहे. लूकच्या बाराव्या अध्यायात एकजण गर्दीतून म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. प्रभू विचारतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? दहाव्या अध्यायात मार्था येते. आपण तिच्या गोष्टीत काम आणि भक्ती एवढंच बघतो, पण तिची मागणी नीट ऐका: माझ्या बहिणीला सांगा मला मदत करायला. बहीण तिथेच बसलेली असताना ती बहिणीशी बोलत नाही, प्रभूला मध्ये घालते. प्रभू मरीयेला काही सांगायला जात नाही. तो मार्थेचं नाव दोनदा घेतो आणि तिच्याशी, तिच्याच काळजीविषयी आणि दगदगीविषयी बोलतो. मायेने बोलतो, पण त्रिकोणात शिरत नाही.

तुम्ही काय करायचं? कोणी येऊन "पाळकसाहेब, तुम्हीच त्यांना समजवा" म्हणाले की चहा द्या, ऐकून घ्या, आणि विचारा: "हे तुम्ही त्यांच्याशी बोललात का?" नाही म्हणाले तर, "बोलायला जाल तेव्हा मी सोबत येऊन बसेन. तुमच्या वतीने मात्र बोलणार नाही." हे वाक्य आरशासमोर म्हणून बघा, कारण पहिल्यांदा ते घशातून बाहेर पडत नाही. माझ्याकडून ते पहिल्यांदा नीट म्हटलं जायला कित्येक महिने लागले. ते गृहस्थ रागावून गेले, पुढचे दोन रविवार उपासनेला आले नाहीत, आणि मला वाटलं, आपण मंडळी फोडली. तिसऱ्या रविवारी ते आले. ज्यांच्याबद्दल तक्रार होती त्यांच्याच गाडीवर मागे बसून आले.

एक अपवाद ठळकपणे लिहितो. मारहाण होतेय, लहान मुलाला धोका आहे, कोणा बाईवर जबरदस्ती आहे, मंडळीच्या पैशांत अफरातफर आहे, किंवा बोलणारा दुबळा आणि समोरचा बलवान आहे, तर "तुम्हीच त्यांच्याशी बोला" म्हणणं हा अन्याय आहे. तिथे त्रिकोणाचा नियम लावायचा नाही. तिथे पाळकाने मध्ये पडायचं, बिशपांना कळवायचं आणि गरज असेल तर पोलिसांकडे जायचं.

पुढाऱ्याच्या चिंतेने काय होतं हे शमुवेल पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात आहे. शौल राजा गिलगालात सात दिवस शमुवेल संदेष्ट्याची वाट बघत थांबला. पलिष्टी मिखमाशात जमलेले, आणि त्याचे लोक एकेक करून पांगताहेत. शेवटी न राहवून त्याने होमबली स्वतःच अर्पण केला, आणि तो संपतो न संपतो तोच शमुवेल आला. शौलाचं उत्तर वाचा: लोक मला सोडून चालले होते, तू आला नव्हतास, मग मनाचा हिय्या करून मी केलं. हे वाक्य मी पंचांच्या बैठकांत कितीदा ऐकलंय! सातवा दिवस मावळेपर्यंत त्याला थांबता आलं नाही. माणसं निघून जाताना दिसली की आपल्याला काहीतरी करावंसं वाटतं, काहीही, आणि त्या क्षणी आपण जे करतो ते मंडळीसाठी नसतं, आपली धडधड थांबावी म्हणून असतं. घाईने दिलेलं पद, घाईने लिहिलेलं पत्र, व्यासपीठावरून नाव न घेता मारलेला टोमणा. गट पडलेल्या मंडळीत हा टोमणा मारायचा मोह फार होतो. तुम्ही आजवर मारला नसेल तर देवाचे आभार माना, मी मारलाय, आणि नंतर त्या घरी जाऊन क्षमा मागितली आहे.

फ्रीडमन म्हणत, पुढाऱ्याने लोकांमध्ये चिंतेची लागण न झालेलं माणूस म्हणून वावरावं. याचा अर्थ वरून शांत चेहरा आणि आतून उकळी असा घेऊ नका. भीती वाटणारच. ज्याला तुमचं पटत नाही त्याच्याशी संबंध न तोडता तुम्ही आपलं म्हणणं सांगू शकता का, ही त्याची परीक्षा. संबंध तोडणं सोपं. त्याच्या होला हो करणंही सोपं. दोन्हीमधली जागा अवघड आहे, आणि ती एका दिवसात हाती लागत नाही.

इथे मोशेही आठवतो. निर्गमच्या अठराव्या अध्यायात तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलेला, आणि सासरा इथ्रो म्हणतो, हे ठीक नाही, अशाने तू थकशील आणि हे लोकही थकतील. लोकही, हे महत्त्वाचं. पाच खेड्यांपैकी दोन ठिकाणची उपासना चालवायला तयार होतील अशी माणसं तुमच्याकडे नक्की आहेत. संदेश तुमच्याएवढा चांगला होणार नाही. चालेल.

घराविषयी. तुमच्या पत्नीचं वाक्य मी या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य मानतो. पाळक बाहेर सगळ्यांसाठी जास्तीचं करतो आणि घरी त्याच्या वाट्याचंही करत नाही. उरलेलं बायको उचलते, मग तिचीही झोप जाते. त्यातून पाळकीणबाईंची अडचण अशी की महिला मंडळात तिला अर्धी गोष्ट नवऱ्याआधी कळलेली असते, पण घरी विचारता येत नाही. "मंडळीच्या गोष्टी घरी सांगायच्या नाहीत" हा नियम तुम्ही पाळता हे योग्य आहे. पण त्या नियमाआड तुम्ही स्वतः लपता. कोणी काय सांगितलं ते सांगू नका. तुम्हाला काय होतंय ते सांगा. "आज एका बैठकीनंतर माझे हात गार पडले आणि मला घरी यावंसं वाटलं," एवढ्या वाक्यात कोणाचंही गुपित फुटत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची ओळख मराठी ख्रिस्ती घरांना करून द्यायला नको. 1895 मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढची जवळपास पाच वर्षं त्या दोघांची वाट वेगळी झाली. त्या काळात आपल्या मनाचं काय झालं ते बाईंनी लिहून ठेवलंय, आणि नवऱ्याचा तापटपणाही झाकलेला नाही. टिळकांचे अभंग आपण 'उपासना संगीत' उघडून आजही गातो. ते लिहिणाऱ्या घरातली घालमेल जगासमोर आली म्हणून त्या अभंगांची किंमत कमी झाली नाही.

आता डॉक्टर. ईसीजी नॉर्मल आला म्हणजे तुम्हाला काही नाही असं नव्हे, फक्त त्यात हृदयाचा दोष दिसला नाही. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-12 तपासून घ्या, कारण थायरॉईड वाढला तरी अशीच धडधड होते. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ बहुतेक दिवस अशी चिंता राहत असेल, झोप आणि काम बिघडत असेल, तर त्याला आजार म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञांकडे जा. त्यांनी गोळ्या दिल्या तर बहुधा रोज घ्यायच्या, हळूहळू काम करणाऱ्या असतील; त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्यांची चटक लागत नाही, पण मनाने एकदम बंदही करायच्या नाहीत. मेडिकल दुकानातून ओळखीवर मिळणाऱ्या झोपेच्या किंवा "टेन्शनच्या" गोळ्या मात्र घेऊ नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, आणि दोन पाळक मी त्यात अडकलेले पाहिले आहेत. लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय म्हणतो. तीमथ्याला त्याच्या पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला पौलच सांगतो, तिथे तो विश्वास वाढव असं लिहीत नाही. आणि एलीयासारखं "आता पुरे" असं कधी मनात आलं, तर त्या रात्री सकाळची वाट बघू नका. पत्नीला उठवा, आणि टेली-मानसच्या 14416 वर फोन लावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं.

येत्या शनिवारचं सांगतो. संदेश शुक्रवारी रात्रीपर्यंत संपवा, अर्धवट वाटला तरी. शनिवारी दुपारनंतर चहा-कॉफी नको. संध्याकाळी मुलांना घेऊन चालून या. रात्री नऊला फोन स्वयंपाकघरात ठेवा, उशाशी नाही. मयतीचा किंवा दवाखान्याचा निरोप असेल तर लोक दार वाजवतात, आणि दार वाजलं की उठायचंच. "उद्या उपासनेनंतर जरा बोलायचंय" असा मेसेज असेल तर तो रविवारी सकाळी वाचला तरी काही बिघडत नाही. झोपण्याआधी एका वहीत दोन रकाने करा, माझं आणि माझं नाही. प्रत्येक काळजी कुठल्या तरी एका रकान्यात लिहा. दुसऱ्या रकान्यातली नावं मोठ्याने वाचून देवाला सांगा, हे तुझे लोक आहेत. पेत्र म्हणतो, आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका. टाकणं ही हाताची क्रिया आहे, म्हणून मी हाताने लिहायला सांगतो. पहाटे तीनला जाग आलीच तर अंथरुणात लोळत राहू नका. उठा, पाणी प्या, खुर्चीत बसून श्वास मोजा, एखादं विलापाचं स्तोत्र वाचा, झोप आली की परत जा. नाही आली तरी रविवार पार पडतो. माझे असे कितीतरी रविवार पार पडले आहेत.

आणि महिन्यातून एकदा, तुमच्या मंडळीबाहेरच्या, तुमच्यावर कसलाही अधिकार नसलेल्या एका माणसासोबत दोन तास बसायची सोय करा. शेजारच्या डायोसिसमधला पाळक चालेल, वसईकडचे एखादे फादर चालतील, समुपदेशक चालेल. त्या दोन तासांत तुम्ही पाळक नसाल.

पुढच्या महिन्यात तुम्ही आमच्या बाजूला येणार असं लिहिलंय. दोघं या, मुलांनाही आणा, मुक्कामाला या. त्याआधी हे उत्तर पत्नीला वाचायला द्या, आणि त्या काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत मला कळवा.